मीटर

महापे एमआयडीसी, गाळा ए-एकशे बारा.
पाटीवर 'सिक्युरिटी' हा शब्द ठळक आहे,
बाकी वॉचमन एकच, तोही मोतीबिंदूचा.

डिस्पॅचचं रजिस्टर माझ्याकडे.
उत्तरपत्रिका, पतपेढ्यांची पासबुकं,
आणि गेल्या चैत्रात
आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक निवडणूक.

देश नकाशावर शोधला
तर माझ्या करंगळीच्या नखाखाली मावला.
दोन वर्षांपूर्वी तिथं लष्करानं रेडिओ स्टेशन घेतलं,
राष्ट्राध्यक्षाला बनियनवरच खुर्चीत बसवून
त्याचा फोटो काढला,
आणि आता म्हणत होते, घ्या, निवडा तुमची संसद.
तेव्हा आमच्या पालिकेवरही प्रशासकच होता,
म्हणून कोणी फार हसलं नाही.

एका कागदावर आठ मतपत्रिका.
अकरा पक्ष. होडी, कणीस, भाल्याचं पातं,
एक कोंबडा, ज्याचा तुरा पहिल्या प्रुफात निळा आला
आणि यमुना मढवी म्हणाली,
असू दे, थंडी वाजली असेल त्याला.

बावीस लाख चाळीस हजार.
चलनावर मीच लिहिलं, अंकी आणि अक्षरी,
पुढे आडवी रेघ ओढली, कुणाला शून्य वाढवता येऊ नये म्हणून.
खराब कागद वेगळे मोजले, जाळले,
राखेवरसुद्धा दोघांच्या सह्या घेतल्या.

शनिवारी निघताना मशीनचं मीटर उतरवून घेतलं.
सोमवारी ते सत्तेचाळीस हजारांनी पुढे होतं.
नंबर टाकायचं यंत्र मात्र शनिवारच्याच आकड्यावर,
हाताची घडी घालून बसलेल्या मुलासारखं.
रझाकचे डोळे लाल होते.
मी काही विचारलं नाही.
रजिस्टरात 'ट्रायल' असा एक रकाना आहे.
त्यात सत्तेचाळीस हजार लिहिलं.
अक्षर माझंच.

निकाल लागला.
जनरलच्या पक्षाला ढिगानं जागा,
एकूण मतं पडली सव्वीस लाख पंधरा हजार.
विरोधक कोर्टात, कोर्टाच्या दारात रणगाडा.

वाल सोलता सोलता मी वजाबाकी केली.
तीन लाख पंचाहत्तर हजार.
भागिले आठ, सेहेचाळीस हजार आठशे पंचाहत्तर.
वर सव्वाशे कागद वाया जातातच
शाई बसेपर्यंत.
हिशेब इतका चोख जुळला
की क्षणभर, खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटलं.

मग भाद्रपदात फाटकावर एक जण आला.
फोदे दियाबी. राहायला कोपरखैरणे,
तुर्भ्याहून जुने कपडे गाठोड्यांनी घरी पाठवतो.
मोबाइलवर मतपत्रिकेचा फोटो,
मोठा करून करून दाणेदार झालेला.
निळा नव्हता कोंबडा. आम्ही दुरुस्त केला होता.
कोपऱ्यात आमच्या छापखान्याची खूण, मुंगीएवढी.
त्याची धाकटी बहीण मतमोजणीला कारकून होती.
होती म्हणजे,
आता कुठे आहे ते कुणी सांगत नाही.
त्या रात्री फोनवर ती एवढंच म्हणाली होती,
ह्यांच्यावर नंबरच नाहीत.

मोडक्या हिंदीत त्यानं एकच विचारलं,
किती छापल्या?

शेठ आत जेवत होते.
वासावरून कळत होतं, सुकट.

बावीस लाख चाळीस हजार, मी म्हणाले.
खरं आहे ते. चलन आहे, शिक्का आहे.
त्यानं आकडा तळहातावर लिहिला,
बॉलपेन चालेना तेव्हा माझं पेन घेतलं,
तीनदा थँक्यू म्हणाला.
रविवारचं त्यानं विचारलं नाही.
रविवारचं कोण विचारतं?

पेन परत द्यायला तो अर्ध्या रस्त्यातून फिरून आला.
तेव्हा तरी.
तेव्हाही मी फक्त हात पुढे केला.

आज दहावीच्या पुरवण्या चालू आहेत.
शनिवार. रझाकनं दोन डबे आणलेत.
मी मीटर उतरवून घेते,
एकदा रजिस्टरात
आणि एकदा वाणसामानाच्या यादीमागे,
जिथं ट्रायलचा रकाना नाही.